अब्बांची गाडी: हवेवरून स्प्रिंगवर

आमच्या दारात एक जुनी मर्सिडीज उभी असते, हे सांगताना आम्हा भावंडांना थोडा संकोच होतो. मर्सिडीज म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो थाट येतो, त्यातले आमच्याकडे काही नाही. खेड तालुक्यात, भरणे नाक्यापासून आत आठ किलोमीटरवर आमचे कौलारू घर. थोरला कुवेतमध्ये एका दुकानात हिशेब लिहितो, बहीण मुंब्र्याला सासरी, धाकटा घरी राहून आंब्याची कलमे आणि अम्मी-अब्बा सांभाळतो. गाडी २००४ सालची एस-क्लास. अब्बांनी ती २०१३ मध्ये पुण्याहून आणली, तेव्हा तिची किंमत नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी होती. जुन्या मोठ्या गाड्यांचे असेच असते. घेताना स्वस्त, सांभाळताना महाग. त्या सांभाळण्यातले सर्वांत मोठे काम, म्हणजे तिचे हवेवरचे सस्पेन्शन काढून साध्या पोलादी स्प्रिंगा आणि शॉकअप बसवणे, आम्ही २०२३ मध्ये केले. त्याबद्दल गावातले आणि पाहुणे मंडळींतले बरेच जण अजून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहीत आहोत.

अब्बा १९८१ साली कुवेतला गेले ते एका घरचे ड्रायव्हर म्हणून. त्या घरी मर्सिडीजच होती. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा घुसल्या तेव्हा बाकीच्या हजारो हिंदी लोकांसारखे तेही वाळवंट तुडवत अम्मानपर्यंत पोहोचले आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरले. हातात एक पिशवी होती. दोन वर्षांनी परत गेले, त्याच घरी, त्याच कामावर. सत्तावीस वर्षे दुसऱ्याची गाडी चालवली, धुतली, पुसली. पुढच्या सीटवर बसले, मागच्या सीटवर कधी नाही. घर झाले, बहिणीचे लग्न झाले, हज झाला, आणि मग एक दिवस म्हणाले, "आता आपली एक घेऊ." कर्ज काढून नव्हे. व्याजाचा पैसा त्यांनी घरात कधी येऊ दिला नाही, म्हणून साठवलेल्या पैशांत बसेल तेवढी जुनी गाडी आली.

२०२२ च्या जानेवारीपासून अब्बांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, चिपळूणला. जायला-यायला मिळून ऐंशी किलोमीटर. डायलिसिस झालेल्या माणसाला ज्यांनी घरी आणले आहे त्यांना सांगायला नको: अंगातले सगळे बळ कुणी पिळून काढावे तशी अवस्था असते. अब्बा मागच्या सीटवर आडवे होतात आणि डोळे मिटून घेतात. त्यांच्या कंबरेच्या मणक्याला आधीच जुनी दुखापत आहे, त्यामुळे प्रत्येक खड्डा त्यांना मोजता येतो. त्या वर्षी परशुराम घाटात रुंदीकरणाचे काम चालू होते, घाट काही काळ ठरावीक तासांना बंद असायचा आणि वाहने लोटे-चिरणी-आंबडस रस्त्याने वळवली जात. त्या अरुंद रस्त्यावरून आम्ही अब्बांना कितीतरी वेळा नेले. अशा वेळी ती गाडी आमच्या दृष्टीने चैन राहिली नव्हती. ती चालती खाट होती.

आणि तीच गाडी ऑगस्टच्या एका सकाळी पुढून जमिनीला टेकलेली दिसली. डायलिसिसचा दिवस होता. शेजारच्या रिक्षाने अब्बांना नेले; त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

हे का होते ते समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप कळणार नाही. आपल्या नेहमीच्या गाडीत चाक आणि बॉडी यांच्यामध्ये पोलादाची गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि तिच्या जोडीला तेलाचा शॉकअप. स्प्रिंग धक्का झेलते. शॉकअप तिला वरखाली नाचत राहू देत नाही. दोन्ही मिळून एकच उभा दांडा असेल तर त्याला स्ट्रट म्हणतात. आमच्या गाडीत पोलादी स्प्रिंगच्या जागी जाड रबराचा, आत दोऱ्यांचे अस्तर असलेला फुगा होता. मिस्त्री लोक त्याला बलून म्हणतात. एक कॉम्प्रेसर हवा दाबून भरतो, व्हॉल्व्हचा एक ठोकळा ती चार चाकांना वाटतो, आणि चाकांजवळचे सेन्सर गाडी किती उंच आहे ते सारखे मोजत राहतात. मागे तीन जाडजूड पाहुणे बसले की पोलादी स्प्रिंगची गाडी मागून दबते. हवेची गाडी क्षणभर दबते, कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि ती पुन्हा सरळ होते. वेग वाढला की आपोआप थोडी खाली बसते, आणि डॅशबोर्डवरचे बटण दाबले की खराब रस्त्यासाठी उंच होते. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांवर त्या बटणाचा फार उपयोग होत असे.

आणखी एक गुण आहे, तो जरा शास्त्राचा. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा ठरलेला असतो. एक माणूस बसो की पाच, ती तेवढीच कडक. म्हणून पाच माणसांसाठी बनवलेली स्प्रिंग एकट्या ड्रायव्हरला उडवते आणि एकट्यासाठी बनवलेली पाच जणांत बसकण मारते. हवेचे तसे नाही. वजन वाढले की आतला दाब वाढवला जातो आणि त्याबरोबर कडकपणाही वाढतो, म्हणून रिकामी असो की भरलेली, गाडीचे डुलणे जवळपास सारखेच राहते. मुंबई-पुणे मार्गावर शिवनेरीतून जाणाऱ्यांनी हे अनुभवले असेल. व्होल्वो बस हवेवर असते, आणि आपली लाल परी पाट्यांवर. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ पासून ज्या नव्या गाड्या आल्या त्यांच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत, कारण दुपारचा रिकामा डबा आणि संध्याकाळी सहाचा डबा यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक.

मग बसमध्ये टिकणारी गोष्ट गाडीत का टिकत नाही? आमच्या समजुतीने याचे उत्तर देखभालीत आहे. बसला ब्रेकसाठी मोठा कॉम्प्रेसर असतोच, बलून मोठे आणि हाताला लागतील असे असतात, डेपोत माणूस रोज खाली वाकून पाहतो, आणि ठरावीक किलोमीटरनंतर रबर बदलले जाते. गाडीत सगळे लहान, कोंदट जागेत कोंबलेले. बलूनचे रबर जिथे घडी घालून वरखाली होते तिथे वर्षानुवर्षे बारीक चिरा पडतात. कोकणातला चिखल त्या घडीत बसतो आणि वाळला की सँडपेपरसारखा घासतो. पहिली चीर दिसतही नाही. रात्री उभी केलेली गाडी सकाळी बोटभर खाली दिसते, एवढेच. कॉम्प्रेसर ती उणीव भरून काढतो. पण तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो, सतत चालला की तापतो आणि जळतो. म्हणजे गळती बलूनची आणि बळी कॉम्प्रेसरचा. आमच्याकडे हेच झाले होते. साबणाचे पाणी लावले तर पुढच्या डाव्या बलूनवर बुडबुडे आले, उजव्यावर त्याहून थोडे कमी.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण जीवाशी गाठ आहे. हवेवरची गाडी उंच दिसते म्हणून तिच्याखाली डोके घालू नये. जॅक लावून, घोड्या लावूनच खाली जावे. हवा कधी सुटेल याचा नेम नसतो आणि दोन टनांच्या आसपासचे वजन सूचना देऊन खाली येत नाही.

गाडी ट्रकवर टाकून पुण्याच्या एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये पाठवली. तीन दिवसांनी कागद आला: चारही स्ट्रट, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्हचा ठोकळा, मजुरी. एकूण सव्वापाच लाख आणि वर कर. गाडी विकली असती तर चार लाखही आले नसते. त्यातले कोणते दोन आधी बदलले तर चालेल, असे विचारले तेव्हा काउंटरवरचा तरुण म्हणाला, "सर, आम्ही अर्धे काम करत नाही." त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. एक बलून गेला की बाकीचेही त्याच वयाचे असतात. पण तपासणीचे म्हणून अकरा हजार घेतले आणि गाडी होती तशीच, पुढून टेकलेली, परत दिली, हे आम्हाला अजून बोचते.

मग घरात बैठक बसली. थोरला फोनवर, बाकी सगळे ओटीवर. चाचांनी पहिल्याच वाक्यात निकाल लावला. "हा इस्राफ आहे. विका आणि सात सीटांची साधी गाडी घ्या. अल्लाहने पैसा उधळायला दिला नाही." अम्मीचेही मत थोडेसे तेच होते, पण ती बोलली नाही. बहिणीने हिशेब मांडला: साधी जुनी गाडी घ्यायची तर पाच-सहा लाख, शिवाय तिच्यात अब्बांना आडवे होता येणार नाही. आमच्या गाडीची मागची सीट लांब, पाय पसरता येतात, दरवाजा रुंद, डायलिसिसहून आल्यावर अब्बांना उचलून बसवावे लागते तेव्हा त्या रुंदीची किंमत कळते. चाचांचा मुद्दा चूक होता असे आम्ही म्हणणार नाही. शेजारच्या घरी असती तर आम्हीही तेच म्हटले असते. पण अकरा हजार देऊन आलेला तो कागद समोर असताना आम्हाला तिसरी वाट हवी होती.

तिसरी वाट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सापडली. जुन्या गाड्यांचे सुटे भाग, अपघातातल्या गाड्यांची इंजिने, दरवाजे, काचा, सगळे तिथे मिळते. तिथे एक वयस्क उस्ताद आहेत, मोठ्या जर्मन गाड्यांवर हात बसलेला. त्यांनी गाडीचे फोटो पाहिले आणि म्हणाले, "हवा काढा, लोखंड घाला." हवेच्या स्ट्रटच्या जागी नेमके बसतील असे पोलादी स्प्रिंगचे स्ट्रट अमेरिकेत तयार मिळतात. तिकडे हा धंदाच आहे, आणि त्याला कारण आहे.

अमेरिकेत १९५७ साली कॅडिलॅकने एल्डोरॅडो ब्रॉम नावाची गाडी काढली. किंमत तेरा हजार डॉलरच्या वर, त्या काळी रोल्सरॉईसहून महाग. तिला हवेचे सस्पेन्शन होते. ते इतके गळू लागले की अनेक मालकांनी हवा काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. पुढे १९८४ मध्ये लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क सेव्हन इलेक्ट्रॉनिक हवेवर आली, आणि जुनी झाल्यावर तिच्या मालकांनीही तेच केले. म्हणजे आम्ही जे करायला निघालो होतो ते गरिबाघरचे जुगाड नव्हते. सर्वांत महाग गाड्यांच्या मालकांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ती वाट चोखाळली होती. ही गोष्ट ऐकून चाचा थोडे नरमले. "अमेरिकेतही असेच का?" म्हणाले, आणि चहा मागवला.

उस्तादांनी आम्हाला आणखी एक फरक समजावला, तो जुनी गाडी घेणाऱ्याने लक्षात ठेवावा. काही गाड्या कारखान्यातूनच दोन्ही प्रकारांत निघतात. त्याच काळातली ई-क्लास स्प्रिंगवरही मिळे आणि हवेवरही. अशा गाडीत काम सोपे, कारण कंपनीनेच त्या वजनासाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि शॉकअप बाजारात असतात. ते आणून बसवावे, बाहेरचे किट शोधूच नये. आमच्या पिढीची एस-क्लास मात्र साध्या स्प्रिंग-शॉकअपवर कारखान्यातून निघालीच नाही, म्हणून आम्हाला बाहेरच्या किटशिवाय गत्यंतर नव्हते.

चिपळूणच्या एका गॅरेजवाल्याने तर एका देशी जीपगाडीच्या स्प्रिंगा कापून बसवून देण्याची तयारी दाखवली होती, पंधरा हजारांत. आम्ही नाही म्हटले. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही, चाक खड्ड्यात लटकले की सैल होऊन जागेवरून हलू शकते, आणि ते घाटात झाले तर काय होईल याची कल्पना करायला उस्ताद लागत नाही.

एवढे झाल्यावरही आमचे मन तयार नव्हते. अडचण पैशांची नव्हती, अब्बांची होती. हवेवरची गाडी मऊ चालते म्हणून तर ती ठेवायची. पोलाद घातल्यावर त्यांच्या कंबरेला धक्के बसणार असतील तर एवढे करून मिळवले काय? आम्ही तिघे आपापसात हेच बोलत राहिलो, त्यांच्यापर्यंत नेले नाही. आजारी माणसाला गॅरेजच्या गोष्टी कशाला, असे आमचे चालले होते. एका रात्री इशानंतर त्यांनीच धाकट्याला जवळ बोलावले.

"गाडीचं काय ठरलं?"

"उस्ताद म्हणतात स्प्रिंग टाका. पण अब्बा, तुम्हाला हादरे बसतील."

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कुवेतला मी पंच्याऐंशी सालची चालवली. तिला कुठे हवा होती? स्प्रिंगाच होत्या. मागे शेठची आई बसायची, ऐंशी वर्षांची. झोपून जायची बाई. गाडी मऊ असते ती बसवणाऱ्याच्या हाताने आणि चालवणाऱ्याच्या पायाने."

खरेच आहे. १९७९ ते १९९१ या काळातली एस-क्लास मुख्यतः पोलादी स्प्रिंगांवर चाले, आणि तिच्या मऊपणाची वाहवा आजही जुने ड्रायव्हर करतात. लांब हालणाऱ्या स्प्रिंगा, योग्य शॉकअप, ताजे रबरी बुश आणि उंच काठाचे टायर एवढे जमले तर हवेची गरज भासत नाही. आम्ही चार महिने गाडीबद्दल जगभर विचारत होतो आणि तिच्याबद्दल सर्वांत जास्त जाणणारा माणूस आमच्याच घरात, मागच्या खोलीत होता. आजारी माणसाच्या बाबतीत घरोघरी असे होते. औषधे वेळेवर देतो, सल्ला मागायचे सोडून देतो.

थोरल्याने किट मागवले. स्प्रिंगा म्हणजे लोखंड. वजनामुळे विमानाचे भाडे आणि वर सीमाशुल्क मिळून किटच्या किमतीच्या जवळपास गेले. सगळे धरून, उस्तादांची मजुरी आणि अलाइनमेंटसह, पावणेदोन लाखांच्या आत काम बसले. थोरल्याने तीन महिने ओव्हरटाइम केला, बहिणीने तिची भिशी दिली. गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये कुर्ल्याला गेली.

धाकटा दोन दिवस तिथे स्टुलावर बसून होता. आधी नळ्यांतली हवा सोडली, कारण भरल्या दाबात स्ट्रट सोडवला तर तो अंगावर उडतो. मग बॉनेटखालचे वरचे नट, खालचा बोल्ट, आणि एकवीस वर्षांचा वाटावा असा मातकट, चिरलेला स्ट्रट बाहेर आला. नव्याच्या स्प्रिंगा आधीच दाबून बसवलेल्या होत्या. हे बरे, कारण सुटी स्प्रिंग पकडीत दाबून बसवणे हे गॅरेजातल्या सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक. पकड सुटली तर तोंड राहत नाही. हवेच्या नळ्यांची तोंडे बंद केली, कॉम्प्रेसरचा रिले काढून ठेवला. राहिला प्रश्न डॅशबोर्डचा. गाडीचा संगणक हवा शोधत राहतो आणि न सापडल्यास लाल अक्षरांत ओरडतो की थांबा, गाडी फार खाली आहे. किटबरोबर एक छोटा डबा येतो तो संगणकाची समजूत घालतो. त्याशिवायचे किट स्वस्त असते, पण मग तो लाल दिवा कायमचा, आणि कायम पेटलेल्या दिव्याकडे माणूस पाहायचे सोडतो. उद्या खरा बिघाड झाला तरी कळत नाही.

कायद्याचेही पाहिले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. नोंदणी पुस्तकात सस्पेन्शनचा प्रकार लिहिलेला नसतो, तरी आम्ही विमा कंपनीला बदलाचे पत्र दिले, बिलाची प्रत जोडली आणि पोच घेतली. पुढे अपघात झाला आणि कुणी बोट दाखवले तर कागद आपल्याकडे असावा. २०२४ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला गेली तेव्हा निरीक्षकाने खाली वाकून पाहिले, काही विचारले नाही.

आता अब्बांच्या परीक्षेचे. गाडी आली त्या आठवड्यात डायलिसिसहून परतताना ते नेहमीप्रमाणे मागे आडवे होते, डोळे मिटलेले. लोट्याच्या पुढे आल्यावर एकदम म्हणाले, "मागची डावी बाजू अडखळते आहे. स्प्रिंग नाही, बुश आहे. लटकत ठेवून आवळलंय त्यांनी." आम्हाला गाडीत काहीच जाणवत नव्हते. उस्तादांना फोन केला तर ते क्षणभर गप्प झाले आणि हसले. सस्पेन्शनच्या दांड्यांना जे रबरी बुश असतात ते गाडी जमिनीवर, आपल्या वजनाने उभी असताना आवळायचे असतात. चाक हवेत लटकलेले असताना आवळले तर गाडी खाली उतरल्यावर रबर पिळलेलेच राहते, त्या बाजूची चाल कडक होते आणि बुश लवकर फाटतो. त्यांच्या पोऱ्याने मागचा डावा बोल्ट तसाच आवळला होता. पुढच्या आठवड्यात गाडी जमिनीवर ठेवून बोल्ट सैल केले आणि पुन्हा आवळले. पैसे घेतले नाहीत. वर अब्बांसाठी म्हणून एक किलो खजूर पाठवले.

फरक काय पडला ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. लांब लाटेसारख्या रस्त्यावर गाडी पूर्वीइतकीच मऊ आहे, वळणावर कदाचित जास्त स्थिर. धारदार काठाच्या खड्ड्यात, पुलाच्या जोडावर, ठक्क असा आवाज आता येतो, पूर्वी येत नसे. पाच जण आणि सामान भरले की गाडी मागून दोन बोटे बसते आणि तशीच राहते, म्हणून दिव्यांचा झोत एकदा तपासून थोडा खाली घ्यावा लागला, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जाई. उंच करायचे बटण गेले. गल्लीतला मशिदीजवळचा गतिरोधक आता तिरका, एकेक चाक चढवत घ्यावा लागतो आणि दर शुक्रवारी पोरे बाजूला उभी राहून "चाचा, लागलं, लागलं" असे ओरडतात. ज्याच्याकडे गाडी दोनच माणसांची, शहरातल्या चांगल्या रस्त्यांची आहे आणि बाजारात चांगल्या प्रतीचे बलून रास्त भावात मिळत आहेत, त्याने हवाच ठेवावी असे आमचे मत आहे. दोन पुढचे बलून बदलून पाच-सात वर्षे निघतात. आमच्यासारख्या पावसात आणि अशा रस्त्यावर, जिथे जवळचा जाणकार मिस्त्री दोनशे किलोमीटरवर आहे, तिथे लोखंड.

आमच्यासाठी मोजमाप एकच होते. फेब्रुवारी २०२३ पासून आजपर्यंत सस्पेन्शनमुळे अब्बांचे एकही डायलिसिस चुकलेले नाही. सकाळी फजरनंतर धाकटा दरवाजा उघडतो तेव्हा गाडी रात्री उभी केली तेवढ्याच उंचीवर असते. आधी तो सवयीने पुढच्या चाकावर हाताची बोटे ठेवून उंची मोजायचा. आता मोजत नाही.

जुने चार स्ट्रट काही दिवस माळ्यावर होते. मागचे दोन बरे होते, ते उस्तादांनी दुसऱ्या कुणा गरजूसाठी नेले आणि त्यांच्या मोबदल्यात मजुरीतले चार हजार परत केले. पुढचे दोन भंगारवाल्याने वजनावर घेतले. कॉम्प्रेसर जळलेला, तो पोरांनी खोलून पाहिला आणि त्यातली छोटी पितळी नळी बहिणीच्या मुलाने खेळायला ठेवली आहे.

गेल्या मंगळवारी परशुराम घाट उतरताना अब्बा मागून म्हणाले की पुढच्या उजव्या बाजूला बॉल जॉइंट बोलायला लागला आहे, अजून महिनाभर चालेल. उस्तादांना कळवले आहे. गाडी रविवारी कुर्ल्याला जाईल आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत परत यायला हवी, कारण मंगळवार डायलिसिसचा आहे.